सिंगापूरचें पाणी

मलायाच्या दक्षिण टोकाशीं जोहोर बारू नांवाचें शहर आहे. तेथून सिंगापूरकडे येणारा रस्ता एका दगडी बांधावरून समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडतो. बांध सुमारें एक किलोमीटर लांब. १९२४ सालीं तो पुरा झाला. मोटारी, बसगाड्या, फटफट्या आणि कामावर निघालेले लोक यांची त्यावर पहांटेपासून जी दाटी होते, तिच्यांत प्रवाशाचें सारें लक्ष पारपत्राच्या रांगेकडे लागलेलें असतें. बांधाच्या कडेनें जाणारे जाड नळ दृष्टीस पडले तरी ते त्याच्या मनांत भरत नाहींत. आम्हीं मात्र खिडकीशीं बसून ते मुद्दाम न्याहाळले. कारण सिंगापूर पाहावयास निघतांना आमच्या मनांत जी उत्सुकता होती ती तेथील उंच इमारतींविषयीं नव्हे, तर या नळांविषयीं होती.

एका देशाचें पाणी त्यांतून दुसऱ्या देशांत जातें. ज्या करारानें तें जातें तो १९६२ सालीं झाला, व त्याची मुदत ९९ वर्षांची असल्यामुळें २०६१ सालीं तो संपावयाचा आहे. आपल्या तहानेची तारीख पंचांगांत मांडून ठेविलेली असावी असें भाग्य म्हणा, दुर्भाग्य म्हणा, फार थोड्या शहरांच्या वांट्यास आलें असेल. सिंगापूरनें पाण्याच्या बाबतींत पुढें जें जें केलें त्याचें मूळ या एका तारखेंत आहे, असें आमचें मत तेथें हिंडल्यावर झालें.

वाचकांपैकीं पुष्कळांनीं सिंगापूर पाहिलें असेल. ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांच्या घरचें कोणी ना कोणी नोकरीनिमित्त तेथें असेल. तेव्हां तेथील स्वच्छतेचें, शिस्तीचें व बाजारपेठांचें वर्णन करून आम्ही जागा अडवीत नाहीं. आमचा एक पुतण्या तेथें इंजिनियर आहे. त्याच्या आग्रहावरून २०१९ च्या फेब्रुवारींत आम्ही गेलों. बरोबर घरांतील मंडळी होती, आणि आमच्या आत्याबाई होत्या. आत्याबाईंचें वय तेव्हां शहात्तर. सोवळें-ओवळें, एकादशी, चातुर्मास हें सारें त्यांचें बिनबोभाट चालतें. दुसऱ्यावर त्याची सक्ती नाहीं, पण स्वतःस सवलतहि नाहीं. विमानांत त्यांनीं पाण्याच्या घोटाशिवाय कांहीं घेतलें नव्हतें. त्यांचा उल्लेख येथें विस्तारानें करण्याचें कारण पुढें येईल.

प्रथम भूमीचा विचार करूं. बेट सुमारें ७३५ चौरस किलोमीटरांचें, आणि त्यावर साठ लाखांच्या घरांत माणसें. विषुववृत्त जेमतेम दीड अंशावर असल्यामुळें आपल्यासारखे उन्हाळा-पावसाळा असे भेद नाहींत. पाऊस बारा महिन्यांत केव्हांहि येतो, व वर्षाकांठीं त्याची बेरीज सरासरीनें २,४०० मिलिमीटरांच्या आसपास होते. म्हणजे पुण्याच्या तिपटीहून अधिक, आणि मुंबईच्या तोडीचा. मग उणीव कशाची? उणीव आहे ती जागेची. आभाळ देण्यास तयार आहे, पण घेण्यास ओंजळ नाहीं. सह्याद्रींतल्यासारखीं खोल खोरीं नाहींत. सर्वांत उंच टेंकडी १६४ मीटरांची. नद्या म्हणाव्या तर आपल्याकडील ओढ्यांएवढ्या. आणि जमिनीच्या पोटांत पाणी धरून ठेवणारे मोठे थर नाहींत. पडलेलें पाणी तासाभरांत समुद्राला मिळावें अशीच तेथील भूमीची घडण आहे.

या शहरास पाणी देण्याचा पहिला प्रयत्न एका दानशूर चिनी व्यापाऱ्याच्या नांवें नोंदलेला आहे. टान किम सेंग याचें नांव. शहराला गोडें पाणी मिळावें म्हणून त्यानें १८५७ सालीं १३,००० डॉलर दिले. तें काम त्याच्या हयातींत कांहीं झालें नाहीं. रक्कम कारभाराच्या घोळांत वायां गेली. पुढें १८८२ सालीं नगरपालिकेनें त्याच्या स्मरणार्थ एक नक्षीदार कारंजें उभारलें. तें आजहि समुद्राजवळच्या उद्यानांत आहे, व येणारे-जाणारे त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्रें काढितात. पाण्यासाठीं दिलेल्या पैशांची फेड कारंज्यानें करण्याची ही तऱ्हा ऐकून आमच्या मंडळींस हंसूं आलें. पण त्यांत परकें असें कोणासच कांहीं वाटलें नाहीं.

खरा पहिला तलाव झाला तो १८६८ सालीं. आज त्यास मॅक्‌रिची तलाव म्हणतात; मॅक्‌रिची हा नगरपालिकेचा एक इंजिनियर, व त्याचें नांव तलावाला १९२२ सालीं दिलें गेलें. आपला विहार तलाव याच्याहून आठ वर्षांनीं वडील. एकाच राजवटीचीं हीं दोन भावंडें. आम्ही एके दिवशीं सकाळीं मॅक्‌रिचीच्या कांठानें फिरलों. दाट झाडी, लांब शेंपटीचीं माकडें, पाण्याच्या कडेनें लाकडी फळ्यांची वाट, आणि त्या वाटेवर धांवण्याचा व्यायाम करणारे तरुण. इतक्या दाट वस्तीच्या शहराच्या पोटांत एवढें अरण्य कसें राखलें गेलें, असें आम्हीं पुतण्यास विचारलें. तो म्हणाला, "काका, झाडांसाठीं नव्हे, पाण्यासाठीं. तलावावर उतरणारें पाणी निर्मळ राहावें म्हणून भोंवतालची जमीन कोणालाच दिली नाहीं. झाडें वांचलीं तीं आपोआप." आमच्या मनांत त्याच वेळीं विहार-तुळशीच्या भोंवतालचें रान आलें. तेंहि पाण्याच्याच पुण्याईनें उरलें आहे.

तलाव वाढले, पण शहर त्यांच्याहून वेगानें वाढलें. १९२७ सालीं जोहोरच्या सुलतानाशीं पहिला करार झाला व पलीकडील डोंगरांतलें पाणी नळानें बांधावरून येऊं लागलें. पंधरा वर्षांतच त्याची किंमत कळली. ३१ जानेवारी १९४२ रोजीं जपानी फौज पाठीवर आली असतां माघार घेणाऱ्या इंग्रजांनीं बांध सुरुंगानें उडविला, आणि त्याबरोबर नळहि तुटला. पुढें बेटावरचे तलाव जपान्यांच्या हातीं गेले. बाँबवर्षावानें शहरांतील नळ जागोजागीं फुटून पाणी रस्त्यांत वाहूं लागलें. १५ फेब्रुवारीला सेनापति पर्सिव्हलनें शस्त्र खालीं ठेविलें. त्या शरणागतीचीं कारणें इतिहासकार अनेक देतात. पाणी संपत आलें होतें हें त्यांपैकीं एक, व तें क्षुल्लक नव्हे. तटबंदी कितीहि भक्कम असो, आंतली विहीर आटली कीं गड पडतो, हें महाराष्ट्रांतील वाचकांस सांगावयास नको.

स्वराज्याच्या उंबरठ्यावर असतांना सिंगापूरनें जोहोरशीं दोन नवे करार केले: एक १९६१ सालीं, पन्नास वर्षांचा, दुसरा १९६२ सालीं, वर सांगितलेला. दुसऱ्याप्रमाणें जोहोर नदींतून रोज २५ कोटि गॅलनपर्यंत पाणी उचलण्याचा हक्क सिंगापूरला आहे, आणि त्याचा दर हजार गॅलनांस तीन सेन, म्हणजे मलायाच्या रिंगिटाचा शंभरांत तिसरा भाग! त्यांतील कांहीं पाणी शुद्ध करून सिंगापूर पुन्हां जोहोरला विकतें, तें हजार गॅलनांस पन्नास सेन या दरानें. मलेशियांतील लोकांस हा तीन सेनांचा दर झोंबतो, आणि त्यांच्या जागीं आपण असतों तर आपणांसहि झोंबला असता. सिंगापूरचें म्हणणें असें कीं, शुद्धीकरणास खर्च याहून पुष्कळ अधिक येतो, व करार तो करार. ९ ऑगस्ट १९६५ रोजीं सिंगापूर मलेशियापासून वेगळें झालें तेव्हां हे करार पाळण्याची हमी उभय सरकारांनीं दिली होती. या वादांत आम्ही पडत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, ज्या घराचा हांडा शेजाऱ्याच्या विहिरीवर भरतो, त्या घरानें शेजाऱ्याशीं कितीहि गोड बोलावें, रात्रीं झोंप येतांना मनांत एक टोंचणी राहतेच.

मध्यंतरीं आभाळानेंहि एक धडा दिला. १९६३ सालीं पाऊस चुकला, तलाव आटले, आणि एप्रिलपासून पुढल्या वर्षाच्या फेब्रुवारीपर्यंत, जवळजवळ दहा महिने, शहरांत पाणी मापून द्यावें लागलें. त्या वेळचीं छायाचित्रें आम्हीं पाहिलीं. बादल्या, पत्र्याचे डबे, रस्त्यावरच्या नळाशीं लागलेली रांग, व रांगेच्या शेवटीं कडेवर मूल घेतलेली बाई. खालीं नांव नसतें तर तें चित्र लातूरचें कीं सिंगापूरचें, हें ओळखतां आलें नसतें.

१९७२ सालीं सिंगापूरनें पाण्याचा पहिला दीर्घ मुदतीचा आराखडा केला. आपल्याकडे आराखडे पुष्कळ होतात, म्हणून या शब्दानें कोणी हुरळून जाणार नाहीं. परंतु या आराखड्याची खूण अशी कीं, तो करणारे अधिकारी बदलले, मंत्री बदलले, तरी काम त्याच दिशेनें पन्नास वर्षें चालत राहिलें. त्याचें तत्त्व अगदीं घरगुती आहे. पाणी चार वाटांनीं आणावयाचें: आपल्याच बेटावर पडणारें पावसाचें, जोहोरचें, वापरलेलें शुद्ध करून पुन्हां घेतलेलें, आणि समुद्राचें क्षार काढून गोडें केलेलें. एक वाट बंद झाली तर तीन उरावयास हव्यात. एकत्र कुटुंबांत जशी शेती, नोकरी, भिक्षुकी व घरभाडें असा चार ठिकाणचा आधार पूर्वीचे लोक ठेवीत, तसाच हा प्रकार.

पावसाचें पाणी धरावयाचें म्हणजे सारें शहरच पाणलोट करावयाचें. आणि शहर पाणलोट करावयाचें तर आधीं तें स्वच्छ पाहिजे. सिंगापूर नदीची त्या काळची अवस्था आम्हीं वाचली तेव्हां आम्हांस मुळामुठेचीच आठवण झाली. कांठावर झोंपड्या, खाद्यपदार्थांच्या गाड्या, डुकरांचीं व बदकांचीं खुराडीं, होड्यांची दुरुस्ती, आणि या सर्वांचा मैला नदींत. १९७७ सालीं पंतप्रधान ली क्वान यू यांनीं दहा वर्षांची मुदत घातली: दहा वर्षांनीं या नदींत व शेजारच्या कालांग खोऱ्यांत मासे धरतां आले पाहिजेत. आणि १९८७ पर्यंत तें झालें. कसें झालें तें मात्र सांगितलें पाहिजे. सहाशेंच्या वर डुकरांचीं व सुमारें पांचशें बदकांचीं खुराडीं उठविलीं. जवळजवळ पांच हजार फेरीवाले रस्त्यावरून छपराखालीं नेले. शेंकडों पडाव, जे शंभर वर्षांहून अधिक काळ नदींत माल उतरवीत, ते १९८३ सालीं दुसऱ्या बंदरावर पाठविले. हजारों कुटुंबांचीं झोंपडीं मोडून त्यांस सरकारी चाळींत खोल्या दिल्या. खोल्यांस नळ व संडास होते, हें खरें. पण ज्यानें जन्मभर बदकें पाळलीं त्याला दहाव्या मजल्यावर काय करावयाचें होतें, हा प्रश्न कोणत्याहि अहवालांत सुटत नाहीं.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितों. आपल्याकडील पुष्कळ प्रवासी तेथून परत आले कीं "पाहा, त्यांनीं केलें, आपल्याला कां होत नाहीं?" असा प्रश्न दिवाणखान्यांत टाकून चहा पितात. तेथें एकच पक्ष कित्येक दशकें सत्तेवर आहे, एकच शहर म्हणजे सारा देश आहे, आणि सरकारची "ऊठ" म्हणण्याची शक्ति आपल्याकडे कोणासहि नाहीं. ती असावी असेंहि आम्हांस वाटत नाहीं. पण हें बोलून झाल्यावर दुसरी बाजूहि उरतेच. उठविलेल्या लोकांस घर मिळालें, फेरीवाल्यास गाळा मिळाला, आणि दहा वर्षें म्हणजे दहा वर्षें.

या स्वच्छ झालेल्या नद्यांच्या तोंडावर २००८ सालीं मरीना बांध उभा राहिला. साडेतीनशें मीटर रुंदीच्या खाडीवर पोलादाचे नऊ दरवाजे. त्यांच्या आंत गोडें पाणी, बाहेर समुद्र. हा बेटावरचा पंधरावा तलाव. आतां एकंदर सतरा झाले आहेत, आणि देशाच्या दोनतृतीयांश भूमीवर पडणारा पाऊस त्यांत येतो. एकट्या मरीना तलावाचें पाणलोट दहा हजार हेक्टर, व तें शहराच्या ऐन मध्यावर: पेढ्या, बाजार, मंदिरें, मशिदी, शाळा या सर्वांच्या छपरांवरचें पाणी गटारानें येथें पोंचतें. म्हणून त्या शहरांत पावसाचें गटार व मैल्याचें गटार हीं अगदीं वेगळीं आहेत, एकमेकांचा विटाळ होऊं न देतां! बांध झाल्यावर आंतलें खारें पाणी उपसून काढिलें नाहीं. पावसानें तें हळूहळू बाहेर लोटलें, व दोन वर्षांत तलाव गोडा झाला. मोठा पाऊस आला व बाहेर ओहोटी असली तर दरवाजे खालीं करून जादा पाणी सोडतात. भरती असली तर सात प्रचंड पंप तें समुद्रांत फेंकतात. त्यामुळें पाणीपुरवठा व पूरनिवारण हीं दोन्ही कामें एकाच बांधानें होतात.

बांधाच्या यंत्रशाळेच्या छपरावर हिरवळ लावली आहे, व तीवर रविवारीं संध्याकाळीं सारें शहर पतंग उडविण्यास लोटतें. आमच्या बरोबरच्या मुलांनीं दोन तास पतंग उडविला. पायांखालीं पंप आहेत, समोर पिण्याचें पाणी आहे, याचें त्यांस कांहींच वाटलें नाहीं. पण गृहिणीवर्गाच्या तें लक्षांत आलें. आमच्या सौभाग्यवती कांठावर वांकून पाहत म्हणाल्या, "इतकीं माणसें जमलीं आहेत, तरी पाण्यांत एक कागद नाहीं." कागद नसतो असें नाहीं, तो काढणाऱ्या होड्या सकाळपासून फिरत असतात. आम्हीं तसें सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "होड्या फिरतात, तेंच म्हणतें मी."

आतां आत्याबाईंची गोष्ट. वापरलेलें पाणी पुन्हां प्यावयाचें ही तिसरी वाट सिंगापूरनें १९७४ सालींच एक लहान कारखाना काढून पाहिली होती. तेव्हांची यंत्रें महाग व बेभरंवशाची निघाल्यामुळें ती सोडून दिली. पण विसरले नाहींत. पाव शतकानें, पाणी गाळणारे कृत्रिम पापुद्रे स्वस्त व चांगले झाल्यावर, १९९८ सालीं अभ्यास पुन्हां सुरू केला, आणि २००० सालीं बेडोक येथें प्रायोगिक कारखाना घातला. त्या पाण्यास 'न्यूवॉटर' असें नवें नांव दिलें. ९ ऑगस्ट २००२ रोजीं, राष्ट्रदिनाच्या समारंभांत, पंतप्रधान गोह चोक टोंग यांनीं व मैदानांत जमलेल्या हजारों लोकांनीं या पाण्याच्या बाटल्या उंचावून एकाच वेळीं तें प्राशन केलें. इंजिनियरांचें काम त्या दिवशीं संपलें होतें. खरें अवघड काम माणसांच्या मनाचें होतें, आणि तें ओळखूनच हा देखावा योजिला होता.

बेडोकच्या कारखान्याला लागून अभ्यागतांकरितां एक प्रदर्शन असे. (२०२४ सालीं तें बंद झालें.) आम्ही गेलों तेव्हां एका चिनी तरुणीनें आम्हांस सर्व क्रिया समजावून सांगितली, व पुतण्यानें ती मराठींत आत्याबाईंस सांगितली. घरांतून व कारखान्यांतून आलेलें सांडपाणी आधीं नेहमींच्या रीतीनें शुद्ध करितात. मग तें अत्यंत बारीक छिद्रांच्या नळ्यांतून गाळतात. त्यांत गाळ व जंतु अडकतात. त्यानंतर मोठ्या दाबानें तें अशा पापुद्र्यांतून ढकलतात कीं, त्यांतून पाण्याचे कण तेवढे पलीकडे जावे, विरघळलेले क्षार व बहुतेक सारी घाण अलीकडेच राहावी. यास रिव्हर्स ऑस्मॉसिस म्हणतात, व आपल्या स्वयंपाकघरांतील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतहि पुष्कळदां तीच युक्ति असते. शेवटीं जंबुपार किरणांखालून तें नेतात, म्हणजे चुकून राहिलेला जंतुहि मरावा. इतकें शुद्ध पाणी सर्वांत अधिक खपतें तें संगणकाचे सूक्ष्म भाग घडविणाऱ्या कारखान्यांत. पिण्यासाठीं तें सरळ नळांत सोडीत नाहींत. कोरड्या दिवसांत तलावांत मिसळतात, व तलावाचें पाणी पुन्हां रीतीप्रमाणें शुद्ध होऊन घरोघर जातें.

आत्याबाईंनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. शेवटीं सर्वांच्या हातांत एक एक लहान बाटली दिली गेली. मुलांनीं ती गटागटा संपविली. आत्याबाईंनीं बाटली उजेडाकडे धरून पाहिली, झांकणावरून बोट फिरविलें, आणि म्हणाल्या, "ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ विचारूं नये म्हणतात. या लोकांनीं तर विचारून, तपासून, चित्रें काढून भिंतीला लावलें आहे!"

पुतण्या म्हणाला, "आत्याआजी, तूं गेले आठ दिवस आमच्या नळाचें पाणी पितेस, त्यांतहि याचा अंश असेल हो. पूजेचा तांब्याहि तूं त्याच नळावर भरतेस."

तें ऐकून आमच्या छातींत धस्स झालें. असें स्पष्ट बोलावयास नको होतें, असें सर्वांच्या चेहऱ्यावर उमटलें. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. गाडींत बसल्यावर पुष्कळ वेळानें त्यांनीं आम्हांस विचारलें, "पंढरपूरच्या वर कोणतीं गांवें आहेत रे?"

प्रश्न कोणीकडे चालला आहे तें आम्हीं ओळखलें. पुण्याचें व पिंपरी-चिंचवडचें सांडपाणी, कांहीं शुद्ध केलेलें व कांहीं तसेंच, मुळामुठेंत जातें. मुळामुठा भीमेला मिळते. भीमेचें पाणी उजनीच्या जलाशयांत सांठतें. तें सोलापूर पितें, आणि पुढें त्याच भीमेला पंढरपुरीं आपण चंद्रभागा म्हणून डोक्यावर शिंपडतों. वापरलेलें पाणी पुन्हां वापरण्याचा प्रयोग आपणहि कित्येक वर्षें करीत आहों. भेद इतकाच कीं, मधला कारखाना आपण नदीवर सोंपविला आहे, आणि तिच्या शक्तीची सीमा विचारलेली नाहीं. आम्हीं हें सर्व आत्याबाईंस सांगितलें. त्यांनीं तिन्ही आषाढ्या आठवून सांगितल्या, ज्या वर्षीं त्यांनीं वाळवंटांत स्नान केलें होतें. मग म्हणाल्या, "तेव्हां कोणी सांगितलें नाहीं."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या काय करितात इकडे घरांतील सर्वांचें लक्ष होतें. त्यांनीं स्नान केलें, तांब्या घांसला, व त्याच नळावर भरून देवांपाशीं नेला.

चवथी वाट, म्हणजे समुद्राची, थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. पहिला कारखाना २००५ सालीं तुआस येथें झाला. आज असे पांच आहेत. त्यांपैकीं मरीनाच्या पूर्वेस २०२० पासून चालणारा कारखाना विशेष आहे. पाऊस असेल तेव्हां तो तलावाचें पाणी घेतो, नसेल तेव्हां समुद्राचें. दोष एकच, पण मोठा: समुद्र गोडा करावयास वीज फार लागते, आणि सिंगापूरला विजेसाठीं वायु बाहेरूनच आणावा लागतो. म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीवरची ओढ कमी केली, ती शेजाऱ्याच्या चुलीवर गेली.

तारखेचा पहिला हप्ता दरम्यान येऊन गेला. १९६१ चा करार २०११ सालीं संपला. सिंगापूरनें तो पुढें चालविला नाहीं, व जोहोरमधील तीं जलशुद्धीकरण केंद्रें मुकाट्यानें परत दिलीं. शहरांत कोणाच्या नळाची धार बारीक झाली नाहीं. उलट, शिल्लक राहिलेल्या करारावरहि डोळे झांकून विसंबतां येत नाहीं हें २०१६ सालीं दिसलें. जोहोर नदींत पाणी राहावें म्हणून सिंगापूरनेंच खर्च करून बांधलेला लिंगिऊ तलाव त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत वीस टक्क्यांवर आला. कागदावर २५ कोटि गॅलन आहेत. पण कागद पाऊस पाडीत नाहीं.

एवढें करूनहि मागणी २०६५ पर्यंत जवळजवळ दुप्पट होईल असा तेथील अंदाज आहे, म्हणून काटकसरीवर त्यांचा भर मोठा. पाणी स्वस्त नाहीं. १९९१ पासून पाण्यावर काटकसरीचा वेगळा कर आहे. २०१७-१८ मध्यें दर तीस टक्के वाढले, आणि २०२५ च्या एप्रिलपासून घरगुती पाण्यास घनमीटराला ३ डॉलर २४ सेंट पडतात. गरिबांस सरकार बिलांत सूट देतें, पण पाणीच फुकट देत नाहीं. माणशीं रोजचा घरगुती वापर २००३ मध्यें १६५ लिटर होता, तो २०१८ पर्यंत १४१ वर आला. २०३० पर्यंत १३० वर आणावयाचा आहे. आमच्या पुतण्याच्या सूनबाईंनीं, म्हणजे त्याच्या पत्नीनें, स्वयंपाकघराच्या दारामागें महिन्याच्या बिलांची चळत अडकवून ठेविली आहे. बिलावर शेजारच्या घरांची सरासरी छापलेली असते. चार पाहुणे महिनाभर राहिल्यावर ती सरासरी ओलांडली जाणार हें उघड होतें, आणि तिनें तोंडानें एक अक्षर काढलें नाहीं. पण भाज्या धुतलेलें पाणी कुंड्यांना जात असे, तें आम्हीं पाहिलें. आमच्या गृहसंस्थेंत मे महिन्यांत टँकर येतो, तरी आमच्या घरीं तें मोरींतच जात आलें आहे.

पुतण्याची मुलगी नऊ वर्षांची. एके संध्याकाळीं ती शाळेंतून आली ती मोठ्या फुशारकीनें सांगूं लागली कीं, पुढच्या महिन्यांत शाळेंत पाणी बंद होणार आहे. आम्ही घाबरलों. तेव्हां कळलें कीं, तेथील पुष्कळ शाळांत मार्च महिन्यांत, जागतिक जलदिनाच्या सुमारास, नळ मुद्दाम कांहीं वेळ बंद ठेवितात. मुलांनीं रांगेंत उभें राहून बादलीनें पाणी न्यावयाचें, व तेवढ्यावर भागवावयाचें. १९६३ सालची टंचाई ज्यांनीं पाहिली ते म्हातारे झाले. मुलांच्या हातांना बादलीचें वजन कळावें, एवढाच हेतु.

"गेल्या वर्षी माझी बादली अर्धी सांडली," ती म्हणाली. "पणजी, तूं कधीं रांगेंत उभी राहिली आहेस?"

आत्याबाई म्हणाल्या, "पानशेत फुटलें त्या वर्षीं. १९६१. मी अठरा वर्षांची होतें. धरण गेलें, खडकवासला गेला, पुण्याचे नळ कोरडे. सगळें शहर जुन्या विहिरींवर आणि पेशव्यांच्या हौदांवर."

"पेशवे म्हणजे?"

मग कात्रजच्या तलावाची, तेथून जमिनीखालून शहरांत आणलेल्या नळाची व पेठापेठांतील हौदांची हकीकत निघाली. अडीचशें वर्षांपूर्वींची ती व्यवस्था नळ आल्यावर सर्वांनीं विसरून टाकिली होती, आणि त्या पावसाळ्यांत पुन्हां आठवली, असें आत्याबाई सांगत होत्या. मुलीला त्यांतलें एकच समजून घ्यावयाचें होतें.

"किती बादल्या आणायचीस?"

"बादल्या नव्हेत, हंडे. सकाळीं सहा, संध्याकाळीं चार. घरांत सतरा माणसें."

मुलीनें वही काढून हिशेब मांडला. एका हंड्यांत पाणी किती मावतें यावर दोघींचा मतभेद झाला, व जेवणाचीं पानें मांडून झालीं तरी तो मिटला नव्हता.